अपघात कोणाच्या खाती?



दळणवळणाचा इतिहास सांगणारे आगगाडीला एक प्रकरण देतात, आगबोटीला देतात, मोटारीला आणि विमानाला तर देतातच. परंतु ज्या वाहनावर बसून आज आफ्रिकेतील आणि आग्नेय आशियातील कोट्यवधी माणसे कामावर, बाजाराला, शाळेला आणि दवाखान्याला जातात, त्या भाड्याच्या मोटारसायकलीला इतिहासकारांनी बहुधा ओसरीवरच थांबवून ठेवले आहे. आज तिला आपण घरात घेऊ, आणि तिच्यासंबंधी एकच प्रश्न विचारू. ती चालविणारा माणूस रस्त्यावर पडला, तर तो अपघात कोणाच्या खाती मांडला जातो?

प्रश्न वाण्याच्या चोपडीतला वाटेल. पण जीविताच्या सुरक्षिततेचा इतिहास पुष्कळसा या चोपडीतच लिहिलेला असतो. ज्याचे नुकसान होते तो ते टाळण्याची खटपट करतो. आणि नुकसान ज्याच्या अंगाला लागत नाही तो उपदेश करतो. हे सूत्र हाती ठेवले, तर पुढील इतिहास समजण्यास सोपा जाईल.

आरंभी थोडे आकडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगातील रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आणि जगातील वाहनांपैकी या देशांत आहेत ती मात्र सुमारे ६० टक्के. म्हणजे वाहने ज्यांच्याकडे तुलनेने कमी, त्यांच्याच घरी प्रेते अधिक. या देशांतील पुष्कळ शहरांत भाड्याच्या मोटारसायकलीचा स्वार आणि त्याच्यामागे बसलेला उतारू यांचा जखमींच्या यादीत मोठा भरणा असतो. असे का, असे विचारले की उत्तर तयार असते: स्वार तरुण असतात, अंगात रग असते, नियमांची तमा नसते. हे अगदीच खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु एकाच वयाचा, एकाच बनावटीच्या गाडीवर बसलेला तरुण एका शहरात हेल्मेट घालून एकच उतारू नेतो, आणि शेजारच्या देशात उघड्या डोक्याने तिघांना नेतो. तेव्हा कारण त्याच्या रक्तात नसून अन्यत्र कोठेतरी असले पाहिजे. ते शोधण्यासाठी या धंद्याच्या जन्मापासून सुरुवात करू.

पूर्व आफ्रिकेत केनिया आणि युगांडा या देशांच्या सीमेवर बुसिया नावाचे गाव आहे. गावाचे नाव एक, पण त्याचा एक तुकडा या देशात आणि दुसरा त्या देशात. दोन्हीकडच्या नाक्यांच्या मध्ये कोणाच्याच मालकीची नाही अशी जागा. मोटारीने पलीकडे जायचे तर कागदपत्रांचा खटाटोप. पायी जायचे तर उन्हातून ओझी वाहात जावे लागे. १९६० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी आपल्या सायकलीच्या कॅरिअरवर गादी बांधली आणि ‘बॉर्डर, बॉर्डर’ असा पुकारा करीत उतारू नेण्यास प्रारंभ केला. या पुकाऱ्याचे बोली रूप ‘बोडा बोडा’ असे झाले, आणि तेच त्या वाहनाचे व त्याच्या चालकाचे नाव पडले. पुढे १९७१ ते १९७९ या काळात युगांडात इदी अमीनची राजवट आली. अर्थव्यवस्था कोसळली, चोरट्या व्यापाराला ऊत आला, आणि सीमेवरची सायकल माणसांप्रमाणे मालही वाहू लागली. १९९० च्या दशकात सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली, आणि सीमेवरचा हा पुकारा राजधानी कम्पालाच्या चौकाचौकांत ऐकू येऊ लागला.

पश्चिम आफ्रिकेतील हकीकत निराळी, पण मूळ तेच. नायजेरियात १९८६ साली आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला. चलनाची किंमत घसरली, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग महागले, नोकऱ्या गेल्या. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते तिच्यावर उतारू घेऊ लागले. लोकांनी या वाहनाला ‘ओकाडा’ हे नाव दिले. ओकाडा एअर नावाची एक देशी विमान कंपनी त्या काळी होती. विमानात बसण्याची ऐपत नसलेल्या माणसाने खड्ड्यांतून उडत जाणाऱ्या दुचाकीला विमानाचे नाव द्यावे, यात विनोद आहे आणि विषादही आहे. शेजारच्या बेनिन देशात १९८० च्या दशकाच्या अखेरीस बँका बुडाल्या आणि सरकारी नोकरांचे पगार थकले. तेव्हा कोतोनू शहरात शिकलेसवरलेले तरुणसुद्धा भाड्याच्या मोटारसायकलीवर बसले. तेथील फोन भाषेत या वाहनाला ‘झेमिजान’ म्हणतात. अर्थ असा की, मला लवकर पोचव. कॅमेरूनमध्ये १९९१ साली राजकीय आंदोलनात शहरे बंद पाडण्यात आली, टॅक्सी थांबल्या. त्या पोकळीत मोटारसायकलींनी जे पाऊल रोवले ते पुन्हा उचलले नाही.

आग्नेय आशियात थायलंडची राजधानी बँकॉक हे लांबच लांब गल्ल्यांचे शहर. बस थांबे ती हमरस्त्यावर, आणि घर असे गल्लीच्या पार टोकाला. १९८० च्या दशकारंभी गल्लीच्या तोंडाशी तरुण मोटारसायकली घेऊन रांगेने उभे राहू लागले. व्हिएतनाममध्ये अशा वाहनाला ‘से ओम’ म्हणतात. ‘ओम’ म्हणजे मिठी. उतारूने स्वाराला मिठी मारून बसायचे, म्हणून हे नाव.

नावे निरनिराळी, देश निरनिराळे. पण जन्मकथा जवळजवळ एकच. माणसांना घरापासून कामापर्यंत नेण्याचे जे काम नगरपालिकेने किंवा सरकारने करावयाचे, ते त्यांनी केले नाही, अथवा अर्ध्यावर सोडून दिले. ते ओझे एका बेकार तरुणाने आपल्या खांद्यावर घेतले. त्या ओझ्याबरोबर त्यातला धोकाही त्याच्याच खांद्यावर आला, हे मात्र त्या वेळी कोणी लक्षात घेतले नाही.

आता या तरुणाचा रोजचा हिशेब पाहू. ज्या गाडीवर तो बसतो ती पुष्कळदा त्याची नसते. मालक दुसरा असतो, आणि त्याला रोज संध्याकाळी ठराविक रक्कम द्यावी लागते. पाऊस पडो, ताप येवो, रक्कम ठरलेली. तिच्यावर पेट्रोलचा खर्च. या दोहोंच्या वर जे उरेल तेवढेच स्वाराचे. ज्याने हप्त्याने गाडी घेतली आहे त्याचीही तीच गत. मालकाच्या जागी सावकार किंवा वित्तसंस्था, एवढाच फरक. याचा अर्थ असा की दिवसाचे पहिले कित्येक तास तो दुसऱ्यासाठी गाडी चालवितो, आणि स्वतःसाठी चालवितो ते शेवटचे तास. म्हणजे शरीर थकलेले असते, अंधार पडलेला असतो, आणि मागे बसलेला अनोळखी माणूस उतारू आहे की गाडीसाठी जिवावर उठलेला चोर, हेही सांगता येत नसते, अशा वेळेचे. कम्पालात आणि अन्यत्रही अशा चोरांच्या हातून कित्येक स्वार प्राणास मुकले आहेत. अपघाताचा विचार करताना हा धोका आपण विसरतो.

या हिशेबातूनच वेग येतो, आणि या हिशेबातूनच गर्दी येते. एका खेपेत एकाऐवजी दोघे किंवा तिघे नेले, तर तेवढ्याच पेट्रोलात दुप्पट-तिप्पट भाडे सुटते. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत अशा प्रवासाला ‘मिश्काकी’ म्हणतात. मिश्काकी म्हणजे सळईवर एकापुढे एक ओवून भाजलेले मांसाचे तुकडे. ज्या लोकांनी हे नाव दिले त्यांना या प्रवासातला धोका कळत नव्हता, असे कोण म्हणेल? धोका कळत होता. पण तिघांनाही घरी पोचायचे होते, आणि तिघांपैकी एकाचीही एकट्याने भाडे देण्याची ऐपत नव्हती.

यात सरकारी धोरणाचाही हात आहे. केनियाने २००८ च्या सुमारास अडीचशे सीसीच्या आतील मोटारसायकलींवरचा मूल्यवर्धित कर माफ केला. हेतू चांगला होता: तरुणांना रोजगार मिळावा, खेड्यांना वाहन मिळावे. गाड्यांची आयात पाहता पाहता कित्येक पटींनी वाढली. या लाटेत भारतीय गाड्यांचाही वाटा मोठा आहे. आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीची ‘बॉक्सर’ ही मोटारसायकल कम्पाला, नैरोबी आणि लागोस येथील स्वारांच्या तोंडी घरच्या माणसासारखी झालेली आहे. म्हणजे या दूरदेशीच्या इतिहासाशी आपला काहीच संबंध नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही. गाड्या स्वस्त झाल्या हे ठीक. परंतु गाडीबरोबर शिकवणी आली नाही, परवान्याची नीट परीक्षा आली नाही, रस्त्यावर त्यांच्यासाठी जागा आली नाही. रोजगार सरकारच्या जमेकडे लिहिला गेला, आणि मोडलेले पाय स्वाराच्या नावे पडले.

अर्थात खर्च कोठेतरी निघतोच. कम्पालाच्या मुलागो या राष्ट्रीय रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०१० साली एक लेख प्रसिद्ध केला. बोडा बोडाच्या अपघातांत जखमी झालेल्यांवरील उपचारांचा खर्च त्यांनी मांडून पाहिला. तेव्हा शस्त्रक्रिया विभागाच्या वार्षिक तरतुदीपैकी साठ टक्क्यांहून अधिक रक्कम या एकाच कारणापायी जाते, असे दिसून आले. ज्या देशात शस्त्रवैद्य मोजके आणि खाटा अपुऱ्या, तेथे याचा अर्थ भयंकर आहे. कोणाचे आतड्याचे दुखणे, कोणाच्या बाळंतपणातली अडचण, कोणा मुलाचा जन्मजात दोष, या सर्वांना रांगेत मागे सरावे लागते. ज्याने जन्मात कधी बोडा बोडावर पाय ठेवला नाही, त्याच्याही खात्यातून ही रक्कम वजा होते. फक्त त्याला ते कळत नाही.

आणि स्वाराचे घर? हाड जुळायला महिने लागतात. तेवढे दिवस मिळकत नाही, पण हप्ता चालूच. गाडी मालक घेऊन जातो, मुलांची शाळा सुटते. अशा वेळी आधार मिळतो तो बहुधा सरकारचाही नव्हे आणि मालकाचाही नव्हे, तर ‘स्टेज’चा. स्टेज म्हणजे स्वारांचा थांबा. कम्पालात प्रत्येक स्टेजला आपला अध्यक्ष असतो, आपले नियम असतात. नवा माणूस आला तर प्रवेशाची रक्कम भरावी लागते. आणि सभासद पडला, आजारी झाला, मेला, तर इतर जण वर्गणी काढून त्याच्या घरी पोचवितात. आपल्याकडच्या भिशीची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. गरिबांनी गरिबांसाठी उघडलेले हे खाते लहान खरे. पण स्वाराच्या अपघाताची नोंद ‘आपले नुकसान’ म्हणून करणारे पहिले खाते तेच होय.

आता हेल्मेटकडे वळू; कारण स्वाराच्या सुरक्षिततेची गोष्ट निघाली की पहिला शब्द तोच येतो, आणि त्याच्या इतिहासात आपल्या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिसते. त्यासाठी क्षणभर इंग्लंडात जावे लागेल. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, ज्याला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ओळखते, मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्यावर उपचार करण्यासाठी आलेल्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यवैद्य होता. पुढे महायुद्ध सुरू झाले, रात्रीच्या अंधारबंदीत सैन्याचे निरोप पोचविणारे मोटारसायकलस्वार पटापट मरू लागले. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर सव्वादोन हजारांवर मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक मेले. १९४१ साली केर्न्सने हेल्मेट घातलेल्या काही अपघातग्रस्तांची तपासणी करून लेख लिहिला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेटचे काम साधे आहे. वरचे कवच धक्का पसरविते, आतला मऊ थर चेपला जातो. त्यामुळे डोके एका क्षणात न थांबता किंचित अधिक वेळात थांबते, आणि तेवढ्या किंचित वेळात मेंदू वाचतो. पुढील काळातील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटने मृत्यूचा संभव सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

परंतु मला आपले लक्ष निराळ्या गोष्टीकडे वेधावयाचे आहे. सैन्याने ही सक्ती १९४१ साली केली. त्याच ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांसाठी ती यायला १९७३ साल उजाडावे लागले. मधली बत्तीस वर्षे कशात गेली? विज्ञान तेच होते, डोकेही तेच होते. फरक इतकाच की, निरोप्या मेला तर सैन्याचे नुकसान होई. त्याच्या शिक्षणावर खर्च झालेला असे, त्याच्या जागी दुसरा द्यावा लागे. सैन्याच्या चोपडीत त्या डोक्याला किंमत होती. सामान्य स्वार मात्र स्वतःच्या खात्यावर मरत होता.

हेच सूत्र पुढे नायजेरियात उलट्या बाजूने दिसते. २००९ च्या जानेवारीत तेथे स्वार आणि उतारू या दोघांनाही हेल्मेट घालण्याचा नियम अमलात आणण्यात आला. काही दिवसांतच रस्त्यांवर विलक्षण दृश्य दिसू लागले. कोणाच्या डोक्यावर वाळक्या भोपळ्याचे कवच, कोणाच्या डोक्यावर स्वयंपाकाचे पातेले, कोणी टायरचा तुकडा दोरीने बांधलेला. जगभरच्या वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली आणि लोक हसले. उतारूंना तर निराळीच भीती होती: दुसऱ्याचे हेल्मेट डोक्यावर घेतले तर त्यात जादूटोणा केलेला असेल आणि आपण नाहीसे होऊ. यालाही लोक हसले.

परंतु भोपळ्याचे कवच काय सांगत होते? ते सांगत होते की, हेल्मेट महाग आहे आणि त्याची किंमत माझ्यावरच टाकली आहे. शिपायाने अडवू नये एवढ्यापुरताच हा नियम माझ्या उपयोगाचा आहे. जादूटोण्याची भीतीसुद्धा, तिचे वरचे टरफल काढले, तर अविश्वासाची भीती आहे: ज्या अनोळखी माणसाच्या मागे मी बसतो तो कोण, त्याची नोंद कोठे आहे, मी हरवलो तर कोणाला विचारायचे? आणि आपण तरी फार हसू नये. २०१९ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध नागरिकांचा मोर्चा निघाला होता. तेथे गरिबीची सबबही नव्हती.

याच्या शेजारी व्हिएतनामचे उदाहरण ठेवून पाहा. तेथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे झाले, आणि वापराचे प्रमाण अल्पावधीत नव्वद टक्क्यांच्या वर गेले. हे एका रात्रीत झाले असे दिसते. पण त्या रात्रीमागे काही वर्षांची तयारी होती. उष्ण हवेत घालता येईल असे हलके, हवा खेळते हेल्मेट देशातच तयार करण्याचा कारखाना २००१ च्या सुमारास हनोईत निघाला होता. शाळांतून मुलांना हेल्मेटे वाटली जात होती. नोकरशाहीला आधी सक्ती झाली आणि मग जनतेला. हलक्या प्रतीच्या बनावट हेल्मेटांचा प्रश्न तेथेही उरलाच. तरीपण भोपळा डोक्यावर ठेवण्याची पाळी कोणावर आली नाही. कारण नियमाच्या आधी वस्तू आली होती.

नियमाच्या आधी आणखी एक गोष्ट यावी लागते, ती म्हणजे स्वाराची ओळख. थायलंडमध्ये २००३ साली सरकारने बँकॉकच्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांची नोंदणी केली आणि त्यांना क्रमांक लिहिलेले नारिंगी जाकीट दिले. तोवर थांब्यावर उभे राहण्याच्या हक्कासाठी स्थानिक दांडग्यांना आणि गणवेशातल्या लोकांनाही हप्ता द्यावा लागे. जाकीट आले तेव्हा तो हप्ता पुष्कळसा सुटला, आणि पाठीवरचा क्रमांक ही उतारूलाही हमी झाली. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने मोटारसायकल-टॅक्सीवाला हा व्यवसाय म्हणून मान्य केला. वय किमान २१, दोन वर्षांचा परवाना, विशेष शिक्षण आणि प्रकाशात चमकणारे जाकीट अशा अटी घातल्या. त्याच कायद्याने माल नेणाऱ्या मोटारसायकलींवर पुढे एक उभी कांडी लावण्यास सांगितले. ती पतंगाच्या काचेरी दोऱ्यापासून गळा वाचविण्यासाठी. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने गळे कापल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या लोकांना या कलमाचे मोल सांगावयास नको.

रवांडा या लहानशा देशाची राजधानी किगाली हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. तेथे स्वार सहकारी संस्थांत संघटित केले गेले, क्रमांकाचे जाकीट आले, एका वेळी एकच उतारू आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हा नियम काटेकोर पाळला जाऊ लागला. शेजारच्या देशांतून येणारा प्रवासी हे पाहून चकित होतो. पण चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. २०२२ च्या जानेवारीत याच किगालीचे स्वार संपावर गेले. भाड्याच्या मीटरची सक्ती, विम्याचे वाढते हप्ते आणि संस्थांची वर्गणी ही त्यांची गाऱ्हाणी होती. शिस्त आली, डोकी वाचली. पण शिस्तीचा सगळा खर्च स्वाराच्याच खिशातून निघत राहिला, तर तीही टिकत नाही.

काही ठिकाणी सरकारांनी सोपा मार्ग धरला: धंदाच बंद करावयाचा. नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, २००६ साली बंदी आली. लागोसमध्ये २०१२ साली शेकडो रस्त्यांवर, २०२० मध्ये त्याहून अधिक भागांत, आणि १ जून २०२२ पासून सहा स्थानिक विभागांत संपूर्ण बंदी झाली. जप्त केलेल्या गाड्या यंत्राखाली घालून चिरडण्यात आल्या. कारणे खोटी नव्हती. अपघात होत होते, गुन्हे घडत होते. पण एकाच शहरात दहा वर्षांत तीन वेळा बंदी करावी लागते, याचाच अर्थ ती एकदाही पुरी पडली नाही. ज्या गरजेतून धंदा जन्मला ती गरज जागच्या जागी राहिली. कामावर जाणारे लोक पायी निघाले; स्वार आडरस्त्याला गेले, आणि पोलीस दिसताच जीव घेऊन पळू लागले. पळणारा स्वार सावकाश जाणाऱ्या स्वारापेक्षा सुरक्षित असतो, असे कोणी म्हणणार नाही. बंदीने अपघाताचे खाते मिटत नाही. फक्त चोपडी मिटते.

अलीकडच्या काळात एक नवा भिडू आला आहे: भ्रमणध्वनीवरून गाडी बोलावून देणारी कंपनी. इंडोनेशियात ‘ओजेक’ नावाने भाड्याच्या मोटारसायकली पूर्वीपासून होत्या. जाकार्तात २०१० साली गोजेक ही कंपनी निघाली आणि २०१५ पासून भ्रमणध्वनीवर तिचा विस्तार झाला. कम्पालात २०१४ साली सेफबोडा निघाली. तिने उतारूसाठी दुसरे हेल्मेट आणि स्वारांना शिक्षण हाच आपल्या व्यवसायाचा पाया केला. या कंपन्यांमुळे स्वाराचे नाव, छायाचित्र आणि प्रवासाची वाट यांची नोंद राहू लागली, हा लाभ मोठा आहे. नायजेरियातल्या त्या उतारूच्या भीतीला हे एक उत्तर आहे. पण इंडोनेशियातील कंपन्या स्वाराला नोकर म्हणत नाहीत. त्याला म्हणतात ‘मित्रा’, म्हणजे भागीदार. शब्द आपल्याच संस्कृतातला ‘मित्र’. पण मित्र म्हटले की पगार, रजा, अपघाताची भरपाई देण्याचे बंधन उरत नाही. नफ्यात हिस्सा आणि अपघातात मैत्री, असा हा व्यवहार आहे. इंडोनेशिया सरकारला शेवटी २०१९ मध्ये मोटारसायकलींच्या भाड्याच्या वाहतुकीतील सुरक्षिततेसाठी वेगळे नियम करावे लागले.

हे सर्व दूरचे झाले. जवळ पाहावयाचे तर गोव्यात जावे. तेथे काळ्यापिवळ्या रंगाच्या मोटारसायकलीवरून उतारू नेणारे ‘पायलट’ गेली कित्येक दशके परवाना घेऊन धंदा करीत आहेत. त्यांचा थांबा ठरलेला, गाडीचा रंग ठरलेला, आणि गावाला माणूस ठाऊक. भारतात ही कल्पना नवी आहे असे समजणाऱ्यांनी गोव्याच्या पायलटाला विसरू नये. महाराष्ट्रात मात्र या वाहनाला दीर्घकाळ कायदेशीर वाट नव्हती. २०२३ च्या आरंभी न्यायालयातही हा वाद गेला. आणि २०२५ साली राज्य सरकारने विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सींसाठी नियम केले. रिक्षावाल्यांची पोटापाण्याची चिंता, उतारूंची सोय, स्त्रियांची सुरक्षितता यांविषयी चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. पण पुढे बसणाऱ्या तरुणाच्या जीविताविषयी बोलणारे त्या मानाने थोडे होते.

म्हणून अखेरीस त्या प्रश्नाकडे येतो. या साठ वर्षांच्या इतिहासातून मला जे दिसते ते असे: स्वाराची सुरक्षितता उपदेशाने येत नाही, दंडाने थोडीफार येते, आणि बंदीने तर नाहीच येत. जेथे स्वाराला क्रमांक आणि ओळख मिळाली, नियमाच्या आधी वस्तू मिळाली, आणि त्याच्या पडण्याचा तोटा त्याच्याखेरीज आणखी कोणाला तरी सोसावा लागला, तेथेच ती आली. गाडीचा मालक रोजची रक्कम घेतो, तर स्वाराच्या मोडलेल्या पायातही त्याचा वाटा असावा. कंपनी प्रत्येक खेपेमागे आपला हिस्सा कापते, तर त्याच हिश्शातून अपघाताचा विमा निघावा. नगरपालिका या स्वारांवर आपल्या अपुऱ्या बससेवेची भरपाई करून घेते, तर तिने थांबे द्यावेत, खड्डे बुजवावेत, रात्री दिवे लावावेत. आणि उतारूने? उतारूने निदान दुसरे हेल्मेट मागून घ्यावे, आणि ‘जरा लवकर चल’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा विचार करावा. बेनिनच्या लोकांनी त्या वाहनाचे नावच ‘मला लवकर पोचव’ असे ठेवले. त्या नावात घाई आपली आहे, आणि ती भागविण्यासाठी लागणारा जीव दुसऱ्याचा आहे.